दोन सायकलींची एक सायकल

चेन्नई शहराच्या पश्चिम अंगास अण्णा नगर नावाची आखीव वस्ती आहे. १९६८ साली मद्रासला जे मोठे व्यापार व उद्योग प्रदर्शन भरले, ते ह्याच जागेवर. त्या वेळी उभारलेला उंच मनोरा आजही तेथील उद्यानात उभा आहे आणि त्याच्या आसमंतात सरळ रस्त्यांची, सावलीच्या झाडांची ही वस्ती वाढली आहे. येथून थोडे मैल पश्चिमेस गेले की अंबत्तूर लागते. अण्णा नगरच्या जुन्या सायकलीची हकीकत सांगावयाची तर प्रथम अंबत्तूरकडे वळावे लागते.

१९४९ साली मद्रासचे मुरुगप्पा घराणे आणि बर्मिंगहॅमची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ही कंपनी ह्यांच्या सहकार्याने टी. आय. सायकल्स ह्या संस्थेची स्थापना झाली, आणि अंबत्तूरच्या कारखान्यातून हर्क्युलिस सायकली बाहेर पडू लागल्या. फिलिप्स व बीएसए ही नावे मागाहून आली. सायकल हा मुळी एका कारखान्याचा माल नव्हेच. नळी एकाची, साखळी दुसऱ्याची, बैठक तिसऱ्याची. तेव्हा ह्या कारखान्याच्या आसपास त्याचे सगळे गणगोतही जमले. आवडीला नळ्या होऊ लागल्या. १९६० साली अमेरिकेच्या डायमंड चेन कंपनीच्या साहाय्याने साखळीचा कारखाना निघाला. राइट नावाच्या चामडी बैठका आणि मिलर नावाचे दिवे त्याच परिवारातले. परदेशी सायकलींच्या आयातीवर निर्बंध आले होते, अशा काळात ह्या भागातील माणसास सायकलीचा हरएक भाग जणू शेजारच्या गावी मिळत होता.

ती सुबत्ता आता उरलेली नाही. कॉटरची क्रँक, सळयांचे ब्रेक, चामड्याची बैठक हे सारे हळूहळू मागे पडले. मोटारीचे जुने भाग हवे असतील तर चेन्नईत पुदुपेट आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या हलक्या सायकलीचा एखादा कप हवा असेल तर मात्र दुसरी तशीच सायकल शोधावी लागते. येथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

समजा, अण्णा नगरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका मराठी घराच्या जिन्याखाली वडिलांची रॅले उभी आहे. नॉटिंगहॅमची बनावट, मागील चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब. सांगाडा सरळ आहे, रंगही बराच टिकला आहे, पण क्रँक वाकलेली, रिम गंजलेल्या आणि पुढचा ब्रेक नाहीसा. घरातील मुलाने भंगारातून दुसरी एक इंग्रजी सायकल आणली. तिचा सांगाडा चेपलेला, परंतु चाके, क्रँक, ब्रेक ठणठणीत. दोन अर्ध्या सायकलींची मिळून एक पुरी सायकल होईल, असे घरात सर्वांना वाटते. मिस्त्रीलाही वाटते, कारण त्याच्या दृष्टीने इंग्रजी सायकल म्हणजे इंग्रजी सायकल.

सरकारी नोकरीत बदली झालेला अधिकारी नव्या गावी जाऊन खुर्चीत बसतो, आणि मग त्याच्या ध्यानी येते की भाषा निराळी, दप्तराची रीत निराळी, चपराशीसुद्धा निराळा. सायकलीच्या भागांची बदली अशीच असते. काही भाग कोठेही रुळतात. साखळीचेच पाहा. तिच्या दोन खिळ्यांतील अंतर अर्धा इंच, हे जगभर एकच आहे. एका दात्याच्या फिरत्या चक्रास इंचाच्या अष्टमांश रुंदीची साखळी लागते. दाते बदलणाऱ्या गिअरच्या सायकलीस त्याहून अरुंद, तीन-बत्तिसांश इंचाची. एवढे सांभाळले की झाले. बैठक, घंटी, दिवा ह्यांचा प्रश्न नाही. इंग्रजी सायकलींत पायडलेही एकमेकांस चालतात. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात एवढेच लक्षात ठेवायचे. फ्रेंच पायडलाचे माप मात्र मिलिमीटरचे, आणि ते जवळजवळ बसते म्हणूनच अधिक घातक.

चाकांकडे आले की बदलीतील खोच दिसू लागते. जुन्या काळ्या सायकलीचे अठ्ठावीस इंची चाक, खेळाच्या सायकलीचे सत्तावीस इंची चाक आणि आजचे सातशे मापाचे चाक ही नुसत्या डोळ्यास सारखीच भासतात. पण टायरची कड ज्या वर्तुळावर बसते त्याचा व्यास अनुक्रमे ६३५, ६३० आणि ६२२ मिलिमीटर. सत्तावीस इंचीच्या जागी सातशेचे चाक घातले तर रिम चार मिलिमीटर खाली जाते. ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकत असेल तर ठीक, नाही तर ते टायरला घासेल. शिवाय सळयांचा ब्रेक रिमच्या आतील बाजूस दाबतो, तारेचा ब्रेक रिमच्या कडेस. म्हणून पहिल्याची रिम गोलसर कडांची, दुसऱ्याची सपाट कडांची. ब्रेक बदलला आणि रिम तीच ठेवली, तर रबराला धरावयास जागाच मिळत नाही, आणि हे कळते ते बहुधा उतारावर.

आऱ्यांची गोष्ट त्याहून मौजेची आहे. युरोपात दोन्ही चाकांस छत्तीस-छत्तीस आरे घालण्याची रीत पडली. इंग्रजांनी पुढच्या चाकास बत्तीस आणि मागच्यास चाळीस घातले, कारण भार मागे अधिक. इंग्लंडात ती रीत मोडली, पण आपल्याकडील काळ्या सायकलीत ती अजून चालू आहे. त्यामुळे वडिलांच्या इंग्रजी हबला भारतीय रिम चालते, आणि पुढारलेल्या देशातून आणलेली सुंदर रिम भोकांच्या हिशेबात नापास होते.

परंतु सर्वांत मोठी फसगत होते ती क्रँकच्या आसाशी, म्हणजे सायकलवाले ज्यास बी. बी. म्हणतात तेथे. सांगाड्याच्या ह्या आडव्या नळीत दोन बाजूंनी दोन कप आट्यांवर बसतात आणि त्यांत छर्रे फिरतात. सर्वसाधारण इंग्रजी कपाचा व्यास १.३७ इंच आणि एका इंचात आटे चोवीस. रॅलेने आपल्या कारखान्यात निराळाच शिरस्ता चालविला. व्यास जवळजवळ तोच, पण इंचात आटे सव्वीस. नळीची रुंदीही इतरांची ६८ मिलिमीटर, तर रॅलेच्या अनेक सांगाड्यांत ७१ किंवा ७६. चोवीस आट्यांचा कप सव्वीस आट्यांच्या सांगाड्यात पहिला फेरा, दुसरा फेरा निमूट जातो. मग अडतो. येथे ज्याच्या हाती लांब पाना असतो त्याला वाटते की गंज आहे. तो जोर करतो, आणि साठ वर्षे टिकलेले आटे एका क्षणात फाटतात.

इटलीचा कप ३६ मिलिमीटरचा, आणि दोन्हीकडचे आटे सुलटे. फ्रान्सचा ३५ मिलिमीटरचा, तोही दोन्हीकडे सुलटा. स्विस कप फ्रेंच मापाचाच, पण साखळीच्या बाजूस उलटा. इंग्रजी कपही साखळीच्या बाजूस उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे पायाच्या रेट्याने तो सुटत नाही. ज्यास हे ठाऊक नाही तो मिस्त्री कप काढण्याऐवजी अधिकच घट्ट करीत राहतो. १९५८ पासून ह्या देशात मेट्रिक मापे येऊ लागली. कापड मीटरवर गेले, दूध लिटरवर गेले. सायकलीचे दुकान मात्र अजून इंचांतच बोलते.

अशा वेळी मिस्त्री एक तोड सुचवितो: सांगाड्यात नवे आटे पाडून घेऊ. काम तासाभराचे, खर्चही फारसा नाही. ही तोड स्वीकारू नये. सव्वीस आट्यांवरून चोवीस आट्यांचा टॅप फिरविला की जुन्या आट्यांचे कडे कापले जातात आणि नवे पुरते उमटत नाहीत. उरते ती झिजलेली, अर्धवट जागा. तिच्यावर उभे राहून चढ चढणारा माणूस आपला सगळा भार त्या जागेवर टाकीत असतो. आणि मग मूळ कप सापडला तरी तो त्या घरात पुन्हा बसत नाही.

पुनर्बांधणीत कोणता भाग बदलावा ह्याची कसोटी येथे हाती लागते. जो भाग उद्या काढून पूर्वीचा परत बसविता येईल, तो खुशाल बदलावा. ज्याच्यासाठी कानस, टॅप किंवा डाख लागेल, तो बदलू नये. त्याऐवजी त्या सांगाड्याचे जे आहे तेच दुरुस्त करावे. बहुतेक वेळा कप खराब नसतातच. खराब असतात छर्रे आणि आस. पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूस अकरा, हे आजही कोठेही मिळतात. आसाची लांबी मात्र नळीच्या रुंदीप्रमाणे पाहून घ्यावी लागते. बैठकीच्या दांड्याचेही तसेच. हलक्या सांगाड्यांत तो २७.२ मिलिमीटरचा, साध्या सायकलीत एक इंचाचा. बारीक दांडा पत्र्याची पट्टी गुंडाळून मोठ्या नळीत बसविता येतो. मोठा दांडा बारीक नळीत ठोकला तर नळीचा सांधा फुटतो.

आता ज्या सायकलीचे भाग काढावयाचे, तिचा विचार कोणी करीत नाही. तिचा सांगाडा चेपलेला आहे म्हणून ती दाता ठरली. परंतु चेपलेली नळी कुशल हाताने बदलून मिळते. आणि तो सांगाडा रेनॉल्ड्सच्या ५३१ नळीचा असेल, तर तो वडिलांच्या सायकलीहून मोलाचा ठरण्याचा संभव असतो. १९३५ मध्ये निघालेली ही नळी टोकांस जाड आणि मध्ये पातळ ओढलेली असे, आणि एका पिढीच्या शर्यतीच्या सायकली तिच्यावर उभ्या होत्या. तिची चाके काढून तिला भंगारात देणे म्हणजे एका घरचे देव्हारे पुरे करण्यास दुसऱ्या घरचे देव उचलण्यासारखे आहे. पुण्यातील वाडे पडले तेव्हा त्यांचे सागवानी खांब नव्या बंगल्यांच्या ओसरीस लागले. खांब वाचले हे खरे, पण वाडा कोठे होता हे त्या खांबांवरून सांगता येत नाही.

सायकलीत निदान काही भाग बोलतात. स्टर्मी-आर्चरच्या हबवर तो घडविल्याचे साल, बहुधा महिनाही, ठोकलेला असतो. चाक बदलले की सांगाड्याचे साल आणि हबचे साल जुळेनासे होते, आणि पुढे पाहणारा फसतो. पुण्यास एके काळी सायकलींचे शहर म्हणत. तेथे कर्वेनगरात विक्रम पेंडसे ह्यांनी २०१७ साली आपला जुन्या सायकलींचा संग्रह लोकांस खुला केला. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए सायकल तेथे पाहावयास मिळते. तिच्या बिजागरीस दुसऱ्या कोणत्याही सायकलीचा भाग लागणार नाही. संग्रहातील सायकलीस मूळ खिळाही मोलाचा असतो. रोज मंडईत न्यावयाच्या सायकलीस ब्रेक मोलाचा. वडिलांची सायकल ह्या दोहोंपैकी कोणती, हे पाना हाती घेण्यापूर्वी घरात ठरले पाहिजे. ते न ठरल्यामुळेच बहुतेक सायकली अर्ध्या सुट्या स्थितीत जिन्याखाली परत जातात.

अण्णा नगरच्या त्या घरात ती चालवावयाची असे ठरले, तर काम असे चालेल. सांगाडा, चिमटा, दोन्ही कप आणि हँडलच्या खालचे आटे मूळचे राहतील. दुसऱ्या सायकलीची चाके येतील, पण तीन गतींचा हब सोडवून त्याच रिमवर नव्या आऱ्यांनी गुंफला जाईल. मात्र भोके चाळीस असली पाहिजेत. क्रँक येईल, आणि तिच्याबरोबर तिच्या कॉटर पिना येणार नाहीत. इंग्रजी कॉटर साडेनऊ मिलिमीटरची, युरोपातील पुष्कळशी नऊची. दोन बाजूंस दोन निरनिराळ्या उताराच्या पिना बसल्या की दोन्ही पायडले एका रेषेत राहत नाहीत आणि माणूस लंगडल्यासारखा सायकल मारतो. म्हणून जोडी नवी घ्यावी, एकाच डब्यातली. जुनी पिन हातोड्याने ठोकून काढण्यापेक्षा शेगड्यात दाबून काढावी. हातोड्याचा घाव छर्ऱ्यांमार्फत कपावर उमटतो. नवी पिन बसविल्यावर पाच-सहा मैल चालवून नट पुन्हा आवळावा, कारण पहिल्या फेरीत ती थोडी आत सरकतेच.

वाकलेली क्रँक, गंजलेल्या रिम, जुन्या पिना हे सारे तेल लावून, कागदात गुंडाळून एका पेटीत ठेवावे आणि पेटीवर सांगाड्याचा क्रमांक लिहावा. दुसऱ्या सायकलीच्या सांगाड्यासही आतून तेल सोडून, कप जागच्या जागी ठेवून, तो भिंतीस टांगून द्यावा. चेन्नईची हवा खारी आहे. पावसाळा ऑक्टोबरात येतो, त्याच्या आत हे उरकलेले बरे.