नियमपुस्तक कोण लिहितं?



टेबलटॉप रोलप्लेइंग गेम या विषयावर मराठीत बोलायला आणि ऐकायला एवढी माणसं जमली, याचा मला मनापासून आनंद वाटतो. अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल तुमची ऋणी आहे. आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. हा खेळ कुणाचा? पन्नास वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बरंच बदललं. ते कुणी बदललं, कशामुळे बदललं आणि आपण अजून कुठे थांबलो आहोत, हे मला मांडायचं आहे.

आज काही पालक आणि शिक्षक प्रथमच आले आहेत, म्हणून खेळाविषयी थोडं सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाजवळ आपल्या काल्पनिक पात्राचा कागद असतो आणि त्यावर ताकद, चपळाई, बुद्धी असे गुण अंकांत लिहिलेले असतात. एक जण गेम मास्टर होतो. तो जग उभं करतो आणि त्या जगातल्या सावकारापासून राक्षसापर्यंत सगळ्यांच्या वतीने बोलतो. बाकीचे आपलं पात्र आता काय करतंय ते सांगतात आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासा टाकतात. आधी लिहिलेली संहिता नसते, प्रेक्षकही नसतात. कादंबरीचा वाचक बदलला तरी तिची वाक्यं तीच राहतात. इथे टेबलाशी बसलेलं एक माणूस बदललं तरी गोष्ट वेगळी होते. त्यामुळे टेबलाशी कोण बसतं, हा या खेळाचा कलात्मक प्रश्नसुद्धा आहे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजेच ‘डी अँड डी’ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती फक्त १००० प्रतींची होती आणि तिच्या पहिल्या पुस्तिकेचं नाव होतं ‘मेन अँड मॅजिक’. दोघेही युद्धखेळांच्या छंदातून आले होते. शिशाचे चिमुकले सैनिक मांडून जुन्या लढाया पुन्हा लढणारी ही मंडळी जवळजवळ सगळी गोरी आणि पुरुष होती. बायकांना किंवा कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारी पाटी कुणी लावली नव्हती. पण खेळाची बातमी क्लबातून क्लबात आणि मित्राकडून मित्राकडे जायची, आणि ज्यांचे मित्र त्या क्लबात नव्हते त्यांच्यापर्यंत ती पोचतच नसे. वर्तुळ बंद राहायला एवढं पुरलं.

पुढे हे बंद वर्तुळ छापील पानांतही उतरलं. १९७६ साली ‘द ड्रॅगन’ मासिकात स्त्री-पात्रांसाठी सुचवलेले नियम छापून आले. त्यांत पुरुष पात्राच्या प्रभावी व्यक्तिमत्त्वाच्या गुणाऐवजी स्त्रीला सौंदर्याचा गुण दिला होता आणि जादूगारणीला भुलवण्याचे मंत्र. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये मानवी पुरुष योद्ध्याच्या ताकदीची कमाल मर्यादा १८/०० (इथे ०० म्हणजे १००) होती, स्त्री योद्ध्याची १८/५०. हा नियम १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गेला. ज्या जगात म्हातारा जादूगार बोटांतून आगीचा गोळा फेकतो, त्या जगात बाईच्या दंडाचं मोजमाप मात्र वास्तवाला धरून असलं पाहिजे, असं कुणाला तरी वाटलं आणि ते छापलं गेलं. बारा-तेरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा पात्र बनवायला बसली की खेळ तिला सर्वांत आधी हेच सांगत होता.

गॅरी अ‍ॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मिनियापोलिसच्या खेळाडूंमध्ये राहून अभ्यास केला आणि १९८३ मध्ये ‘शेअर्ड फँटसी’ हे पुस्तक लिहिलं. टेबलाशी बायका फार थोड्या होत्या. पुरुषांच्या घोळक्यात खेळातल्या स्त्री-पात्रांवरचे अत्याचार सहजपणे वर्णिले जात, हेही त्यांनी नोंदवलं. बायकांना या खेळात रस नसतो, असं म्हणणाऱ्यांनी ती पानं वाचावीत. अशा टेबलाशी दुसऱ्यांदा कोण जाईल?

तरीही बायका होत्याच. ली गोल्ड यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसहून ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ हे खेळाडूंचं मासिक सुरू केलं आणि जवळपास अर्धशतक चालवलं. या खेळाच्या सिद्धान्ताची पहिली चर्चा ज्या पानांवर झाली, त्यांची संपादक एक बाई होती. जीन वेल्स यांना ‘डी अँड डी’च्या प्रकाशक कंपनीने १९७९ मध्ये नोकरीत घेतलं. खेळरचना करणाऱ्या तिथल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांची ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ ही साहसकथा १९८१ मध्ये छापून झाल्यावर कंपनीने मागे घेतली आणि टॉम मोल्ड्वे यांच्याकडून पुन्हा लिहून घेतली. लॉरा हिकमन यांचा ‘रेव्हनलॉफ्ट’ या साहसकथेत बरोबरीचा वाटा होता, तर मार्गारेट वाइस ‘ड्रॅगनलान्स’च्या कादंबऱ्यांच्या सहलेखिका. भुयारात शिरायला आणि निसटायला अनेक वाटा ठेवण्याची कला जेनेल जॅक्वेज यांनी सत्तरच्या दशकातच सिद्ध केली. त्या पारलिंगी स्त्री होत्या, २०२४ च्या जानेवारीत वारल्या. आणि ज्या ‘सायबरपंक’चा व्हिडिओ गेम तुमच्यापैकी कित्येकांनी रात्र-रात्र जागून खेळला, तो मुळात माइक पॉन्डस्मिथ या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाने १९८८ मध्ये काढलेला टेबलावरचा खेळ आहे. ही सगळी माणसं पहिल्या पंधरा वर्षांतली आहेत. विविधता हे अलीकडचं फॅड आहे, असं म्हणणाऱ्यांना खेळाचा इतिहास ठाऊक नाही.

आता एका माणसाविषयी जरा विस्ताराने बोलते. एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई अभ्यासाचे प्राध्यापक. उर्दू आणि बलुची या भाषांचे जाणकार, तरुणपणी भारतात राहिलेले, इथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला. १९७५ मध्ये त्यांचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ आला. त्यातल्या टेकुमेल नावाच्या जगात युरोपचा मागमूस नव्हता. भारत, मध्य अमेरिका, इजिप्त इथल्या संस्कृतींचे धागे घेऊन त्यांनी भाषा, लिपी, देवता, कुळं सगळं रचलं. त्या जगातल्या स्त्रीला एक घोषणा करून पुरुषाइतकेच कायदेशीर हक्क मिळवता येत. युरोपबाहेरचं जग शोधणाऱ्या खेळाडूंनी बार्कर यांना अनेक वर्षं डोक्यावर घेतलं. मग २०२२ मध्ये उघड झालं की १९९१ साली टोपणनावाने आलेली एक नाझीवादी कादंबरी याच बार्कर यांची होती. त्यांच्या वारशाची देखभाल करणाऱ्या संस्थेनेच ते मान्य केलं.

या प्रकरणाने मला बराच काळ अस्वस्थ केलं. जगाचा देखावा परका, रंगीत, समृद्ध असू शकतो आणि तो रचणाऱ्याच्या मनात माणसांची उतरंड तशीच पक्की असू शकते. चित्रातले चेहरे वेगळे झाले म्हणजे काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी बार्कर लक्षात ठेवावेत.

आपल्याकडून उचललेल्या गोष्टींचंही असंच झालं. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षस आला तो वाघाच्या तोंडाचा, अंगात उंची झगा, हातात पाइप, आणि मंत्रवलेल्या बाणाने मरणारा. तो बाण रामायण-महाभारतातून आलेला नव्हता, एका अमेरिकन दूरदर्शन मालिकेतून आला होता. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये इंद्र, विष्णू, काली यांना लढाईत मोजायचे अंक देण्यात आले. माझी तक्रार भावना दुखावल्याची नाही. ज्यांच्या घरात या कथा सांगितल्या जातात त्यांच्यातल्या एकालाही विचारावं असं कुणाला वाटलं नाही, ही माझी तक्रार आहे. विचारलं असतं तर राक्षस किती तरी जास्त चांगला झाला असता. बिभीषण आणि घटोत्कच ज्या परंपरेत आहेत, तिथला राक्षस जन्मतः दुष्ट कसा असेल?

जन्मतः दुष्ट असण्याचा हा मुद्दा नंतर साऱ्या खेळाच्या केंद्रस्थानी आला. मधला काळ मी भरभर सांगते. १९९१ च्या ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ या खेळाने मोठ्या संख्येने स्त्रियांना टेबलाशी आणलं. २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’सारख्या प्रक्षेपणांमुळे कुणाचीही ओळख नसताना खेळ पाहून शिकता येऊ लागला आणि क्लबाचं जुनं फाटक निकामी झालं. २०२० च्या सुमारास ‘डी अँड डी’च्या प्रकाशकांनीच सांगितलं की त्यांच्या खेळाडूंमध्ये सुमारे ४० टक्के स्त्रिया आहेत.

२०२० च्या जूनमध्ये, अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध लोक रस्त्यावर असताना, प्रकाशकांनी कबूल केलं की ऑर्क आणि काळ्या कातडीचे ड्रो या समाजांना सरसकट दुष्ट रंगवण्यात खऱ्या जगातल्या वंशद्वेषाची छाया होती. फिरस्त्या रोमा लोकांच्या बदनामीवर बेतलेल्या विस्तानी समाजाचं चित्रणही सुधारलं गेलं. तोवर एका पुस्तकात ऑर्क पात्राची बुद्धी जन्मामुळेच दोन अंकांनी कमी होत असे. २०२४ च्या आवृत्तीत जन्मावरून गुणांचे अंक देणं बंद झालं. यावर अमेरिकेत मोठा गदारोळ झाला, खेळात राजकारण आणू नका, असं सांगितलं गेलं. माझं म्हणणं असं, की राजकारण आधीपासून नियमातच होतं, फक्त त्याचा त्रास ज्यांना व्हायचा ते टेबलाशी नव्हते. आणि जन्मावरून बुद्धी, स्वभाव, धंदा ठरवणारा नियम माणसाचं काय करतो, हे फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला परदेशी पुस्तकातून शिकायची गरज नाही.

विस्तानींविषयी वाचताना मला सतत आपले पारधी आणि कैकाडी आठवत होते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या, पण संशय अजून त्यांच्या पाठीवर आहे. उद्या आपल्यापैकी कुणी मराठी मुलखावर खेळ रचेल. त्यात फिरस्त्या जमातीच्या पात्राला चोरीसाठी दोन अंक जास्त द्यायचा मोह होईल, कारण त्याने खेळ चटपटीत होतो. तसं केलं तर तो रद्द झालेला कायदा आपण फाशांनी पुन्हा लागू करू.

मग चांगलं कसं करायचं? ते करून दाखवलेलं आहे. २०२२ मध्ये ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ हा ‘डी अँड डी’च्या साहसकथांचा संग्रह आला. त्याचे सगळे लेखक गौरेतर होते आणि अजित जॉर्ज हे भारतीय वंशाचे लेखक त्याच्या प्रमुखांपैकी एक होते. त्यात कोलकात्यातून पुढे आलेल्या दलित लेखिका मिमी मंडल यांनी शंखभूमी हा प्रदेश लिहिला आहे. नद्यांच्या पाण्यात वसलेला, बंगालची ओळख सांगणारा. तो वाचताना १९७७ चा राक्षस आणि हा प्रदेश यांतला फरक लगेच जाणवतो. इथे लिहिणारीला ती नदी माहीत आहे. ‘कोयोटी अँड क्रो’मध्ये अमेरिकेच्या आदिवासी लेखकांनी वसाहतवाद कधी आलाच नाही असं स्वतःचं भविष्य रचलं, आणि क्रिस स्पायव्ही यांच्या ‘हार्लेम अनबाउंड’ने लव्हक्राफ्ट या वंशद्वेष्ट्या लेखकाच्या भयविश्वात कृष्णवर्णीयांना नायक केलं. हे खेळ चांगले झाले, कारण गोष्ट ज्यांची, नियमही त्यांनीच लिहिले.

टेबलावरच्या वागणुकीसाठीही साधी साधनं आहेत. जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी सुचवलेलं एक्स-कार्ड म्हणजे टेबलावर ठेवलेला, फुली काढलेला एक कागद. कुणालाही प्रसंग सहन होईनासा झाला की त्याने त्या कागदाला हात लावायचा. तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं आणि कारण विचारायचं नाही. खेळ सुरू करण्याआधी एकदा नुसतं बसून कोणते विषय टाळायचे ते बोलून घेतलं, तर फाइन यांनी पाहिलेलं टेबल पुन्हा तयार होत नाही. प्रत्येक गटाने हे करावं, असा माझा आग्रह आहे.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या शहरांत खेळ प्रामुख्याने कॅफेत होतो, इंग्रजीत होतो आणि रात्री उशिरापर्यंत चालतो. या तीन गोष्टींनीच बरीच माणसं गाळली जातात. वसतिगृहाचं दार साडेआठला बंद होणारी मुलगी, इंग्रजीत बोलताना अवघडणारा तालुक्याचा मुलगा, हजारो रुपयांचं परदेशी पुस्तक न परवडणारं घर. यांना कुणी नाही म्हटलेलं नाही. लेक जिनिव्हातही कुणी म्हटलं नव्हतं.

यातला भाषेचा अडसर आपण हटवू शकतो. २०२३ च्या जानेवारीत ‘डी अँड डी’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, सुमारे ४०० पानं, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय नोंदवून कुणीही त्यांचं भाषांतर करू शकतं, छापू शकतं, बदलू शकतं. पैसे द्यावे लागत नाहीत, परवानगी मागावी लागत नाही.

म्हणून माझी या संमेलनाला विनंती आहे की या नियमांचं मराठी भाषांतर हाती घ्यावं आणि ते करणाऱ्या मंडळात निम्म्या स्त्रिया असाव्यात. पुण्या-मुंबईबाहेरची माणसं असावीत, भटक्या-विमुक्तांतली, दलित, आदिवासी आणि पारलिंगी माणसं असावीत. त्यांना सल्लागार म्हणून शेवटच्या पानावर बसवू नका, लेखक म्हणून मुखपृष्ठावर नाव द्या आणि मानधन द्या. प्रत्येक गटाने महिन्यातून एक खेळ दुपारी, शाळेत किंवा ग्रंथालयात आणि मराठीत ठेवावा. ज्या मुलींनी अजून कधी खेळ चालवला नाही, त्यांच्याकडे गेम मास्टरची खुर्ची द्यावी. भाषांतरात काम करायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी आज संध्याकाळच्या सत्रापूर्वी संयोजकांकडे आपली नावं द्यावीत. पहिलं नाव मी दिलेलं आहे.