सुरांचा आधार



गोरोबाकाकांच्या या तेर गावी कच्च्या-पक्क्या मडक्याची पारख कोणास ठाऊक नाही? दुःखाच्या आचेतही एखादी मुलगी तडकते, एखादी पक्की होऊन निघते.

गोव्यातील कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकरांचेच पाहा. जन्म १९०४ चा. १९१४ साली मातृछत्र हरपले. नाटक मंडळ्यांत पोरकेपणाचे दिवस काढले. पुढे सांगलीस त्यांचा रियाज अल्लादिया खांसाहेबांच्या कानी पडला व त्यांनी शिकविण्यास आरंभ केला. त्या शिक्षणात खंड पडले, पुढे वैधव्यही आले. पण बाईंनी गाणे सोडिले नाही. कन्या किशोरीताई आमोणकर त्यांच्याच तालमीत घडल्या. १९७४ साली मोगूबाईंस पद्मभूषण लाभले.

मी शिक्षक असता, सासरहून परत आलेली माझी एक विद्यार्थिनी विचारावयास आली होती, "गुरुजी, मी गाणे शिकू का?" "लोक काय म्हणतील?" एवढेच मी बोललो. ती मुकाट्याने निघून गेली. ते माझे शब्द आजही मला बोचतात.

आपल्या घरची लेक असे विचारील, तेव्हा तिला माझे उत्तर देऊ नका, एवढीच विनंती.