दळणाचे दहा रुपये

जेवणं उरकून रेडिओजवळ बसला असाल, तर बसा निवांत. आणि भांडी अजून मोरीत तशीच पडली असतील, तर ती तुमच्या घरात कोण घासतं त्याबद्दलच आज बोलायचं आहे.

आम्ही एका बचतगटाच्या बाया, अकरा जणी. माइकपुढं दोघीच बसलोय, पण बोलणं अकराजणींचं आहे. ज्या घरची गोष्ट सांगणार आहोत ती आई आमच्यातलीच. तिला विचारलंय, तिच्या लेकीलाही विचारलंय. लेक म्हणाली, "सांगा, पण नाव नको." म्हणून नाव सांगत नाही.

आमची बैठक महिन्याच्या ५ तारखेला देवळाच्या ओट्यावर असते. शंभर-शंभर रुपये जमा करायचे, कर्जाचे हप्ते घ्यायचे आणि वही लिहायची. आमच्यात लिहिता येणाऱ्या चौघी आहेत, पण बेरीज म्हटली की चौघीही एकमेकींकडं बघतात. म्हणून दीड वर्षापासून आमची वही ही लेक लिहिते. नववीत आहे, अक्षर छान आहे, आणि एका रुपयाचा फरक आला तरी बैठक उठू देत नाही.

तर गेल्या श्रावणात तिची आई बैठकीला आली ती एक वेगळीच वही घेऊन. लेकीनं रात्री हातात दिलेली. तिच्यात महिनाभराचा हिशेब मांडलेला. सकाळची झाडलोट ५ रुपये. दोन वेळची भांडी १०. पाणी भरणं १०. संध्याकाळच्या भाकरी १०. दिवसाचे झाले ३५, तीस दिवसांचे १०५०. चार रविवारची धुणी, २० प्रमाणे ८०. एकूण ११३० रुपये. त्याखाली रेघ मारून लिहिलेलं: "भावाला या महिन्यात मिळाले १८०. मला मिळाले ०." आणि सगळ्यात खाली, कंसात: "आईची कामं धरलेली नाहीत."

आधी आम्ही हसलो. ते शेवटचं वाचून झाल्यावर कुणी हसलं नाही.

हे १८० कुठून आले, तेही सांगायला पाहिजे. धाकटा भाऊ सातवीत. दळण घेऊन गिरणीत जायला कुरकुरायचा, म्हणून आईनं एकदा दहा रुपये दिले. मग दर खेपेला दहा. दुकानातून साखर-चहापत्ती आणायची तर वरचे पाच. लेकीला कधी काही द्यावं लागलं नाही, कारण ती कुरकुरलीच नाही. आई म्हणाली, "मी कुठं भेद केला? तो करत नव्हता म्हणून दिले." खरंच आहे तिचं. तिनं भेद करायचा म्हणून केला नव्हता. पण घरातलं काम मुलानं केलं की ते मोजायचं, आणि मुलीनं केलं की ते तिचं आहेच, ही सवय आम्हा अकराजणींच्या घरांत कमी-जास्त निघाली. एका घरात तर मुलाला गोठ्यातलं शेण काढायचे पैसे आणि मुलीला "शहाणी गं माझी बाय."

मग वाद सुरू झाला. एक म्हणाली, द्या की पोरीलाही, त्यात काय? कामाची किंमत लहानपणी कळली तर पुढं कुणी फसवणार नाही. दुसरी म्हणाली, ११३० आणायचे कुठून? आणि आपल्याला कोण देतं? त्यावर तिसरीनं तिच्या घरातलं सांगितलं. तिच्याकडंही पोरगा पैसे घेऊनच काम करायचा. मागच्या पावसाळ्यात तिला ताप भरला, उठवेना. त्याला म्हणाली, "बाळा, दुकानातून गोळी आण." तो म्हणाला, "पाच रुपये होतील." सांगताना तिचे डोळे भरून आले. पोरगा वाईट नाही हो. घरात जे शिकवलं तेच तो बोलला.

आमच्यात सगळ्यांत थोरल्या आत्या आहेत. त्या तोवर गप्प होत्या. त्यांनी इर्जिकीची आठवण काढली. तुमच्यातल्या वयस्क बायकांना माहीत असेल. एखाद्याच्या घरी बैल नसायचा किंवा घरधनी आजारी असायचा, तेव्हा गावातली दहा-पंधरा औतं एकाच दिवशी त्याच्या रानात जायची. पैसे कुणी घ्यायचं नाही, जेवण मात्र पोटभर. आणि सावड तर आम्ही अजून करतो. आज खुरपायला तुझ्या रानात, परवा माझ्या. तिथं रोज देत नाहीत, पण हिशेब नसतो असं नाही. एखादी आपली खुरपणी उरकून घेऊन दुसरीच्या वेळी घरी बसली, तर पुढच्या खेपेला तिला कोण बोलावतं? आत्या म्हणाल्या, "घर हे सावडीवर चालतं. रोजंदारी बाहेरची. पण सावडीत एकटीच राबत असेल, तर ती सावड नाही, वेठ झाली."

आमचा गुंता तिथं सुटला. लेकीला पैसे हवे होते, हे खरं. पण तिच्या वहीतला खरा प्रश्न पैशाचा नव्हता. तिला विचारायचं होतं की हे सगळं मीच का करायचं.

केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. ज्या बायका-मुली घरकाम करतात त्यांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांचे ९७ मिनिटं. आणि तेही जे करतात त्यांचे. करणारे पुरुषच मुळात चौघांत एक. सहा वर्षांच्या पुढची सगळी माणसं या मोजणीत होती. म्हणजे आपल्या मुली त्या पाच तासांत मोजल्या गेल्यात.

तर त्या घरानं काय केलं ते सांगतो. दळणाचे दहा बंद. घरातल्या कुठल्याच कामाला पैसे नाहीत. कामं वाटून घेतली, भिंतीवरच्या कालनिर्णयावर नावं लिहून. एक दिवस भांडी त्याची, एक दिवस तिची. दळण दोघांत. भाकरी काही त्याला थापता येईनात, म्हणून त्याच्या वाराला तो भात टाकतो आणि सगळे तो खातात. आणि दर आठवडी बाजाराच्या दिवशी दोघांना वीस-वीस रुपये, सारखे. ते कामाचे नाहीत. घरातलं माणूस म्हणून मिळतात.

हे सोपं गेलं असं समजू नका. पहिले आठ दिवस पोरगा गिरणीकडं फिरकला नाही. पीठ संपलं. आईनं शेजारून दोन वाट्या उसनं आणलं, पण स्वतः दळण नेलं नाही आणि लेकीलाही नेऊ दिलं नाही. नवव्या दिवशी आजीच डोक्यावर दळण घेऊन निघाली, तेव्हा पोरगा सायकल घेऊन मागं पळाला. वडील आठवडाभर फुगून होते. "पोराला भांडी घासायला लावता?" त्यालाही लाज वाटायची. बाहेरच्या नळावर बसायचा नाही, दार लावून आतल्या मोरीत घासायचा. अजूनही कुणी आलं की उठतो. होईल हळूहळू. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातही २०१९ मध्ये चित्रातले वडील आईबरोबर भाजी निवडायला बसलेले होते. पुस्तकात जमलंय, तर चित्राबाहेरही जमेल कधीतरी.

काम केलं नाही तर ते वीस रुपये कापायचे का? इथं आमचं एकमत नाही. बहुतेक जणींचं म्हणणं, कापले की ती पुन्हा मजुरीच झाली. काम चुकलं तर त्याचं काम त्याच्यासाठी ठेवायचं, पैशाला हात लावायचा नाही. दोघी जणी मात्र अजून कापतात आणि म्हणतात, तुमची पोरं वेगळी, आमची वेगळी.

जे काम एरवी आपण रोज देऊन करून घेतलं असतं, त्याचं वेगळं. कांदा लागणीला चार बाया कमी लावल्या आणि सुट्टीत पोरं दिवसभर वाकली, तर त्यांच्या हातावर काहीतरी पडलं पाहिजे, असं आम्ही ठरवलं. पण ते आपल्याच रानात, शाळेची सुट्टी असताना, आणि फवारणीच्या जवळपासही नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळेच्या वेळेबाहेर घरच्यांना मदत करायची मुभा कायद्यात आहे. दुसऱ्याकडं कामाला लावायची नाही, आणि धोक्याचं काम घरचंही नाही. कुणी मुकादम दारात आला तर हे त्याच्या तोंडावर सांगा.

आता तुमच्यातली कुणी म्हणेल, वीस रुपये आठवड्याला, दोन पोरांचे चाळीस, महिन्याचे दीडशेच्या वर, आम्हाला नाही झेपत. आमच्यातलीही एक म्हणाली. तिच्या माघारी कमावणारं कुणी नाही, पोरं तीन. तिनं काढलेली वाट आम्हाला सगळ्यांत आवडली. ती पोरांना वेगळे पैसे देतच नाही. थोरला बारा वर्षांचा, त्याच्या हातात बाजाराची पिशवी आणि दोनशे रुपये देते. आठवड्याची भाजी, तेल, मिठाचा पुडा, सगळं त्यातच बसवायचं. पहिल्या खेपेला टोमॅटो स्वस्त दिसले म्हणून बहाद्दरानं तीन किलो आणले आणि तेल विसरला. ती बोलली नाही. आठवडाभर टोमॅटोचं कालवण, टोमॅटोची चटणी, आणि फोडणीला शेजारचं चमचाभर तेल. दुसऱ्या खेपेला तो यादी लिहून घेऊन गेला. आता तो संध्याकाळी उशिरा जातो, भाव उतरल्यावर. वाचतील त्यातले दहापर्यंत त्याचे. आईकडं किती आहेत आणि किती नाहीत, हे त्या पोराला आमच्या पोरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. जत्रेत हट्ट धरत नाही, असं ती सांगते. आम्हाला ते ऐकून बरंही वाटलं आणि थोडं वाईटही.

पैसे साठवायचे असतील तर एक सांगून ठेवतो. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीनं बचत खातं काढता येतं. ५०० रुपयांवर उघडतं. महिन्याला शंभर भरता येत असतील तर पाच वर्षांचं आवर्ती खातंही आहे. बँकेतही दहाच्या पुढच्या मुलांना खातं चालवता येतं, रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच तशी मोकळीक दिली आहे. मात्र किती रकमेपर्यंत, ते ज्या-त्या बँकेत विचारा. आमच्या लहानपणी शाळेत संचयिका होती, आठवतंय? त्यातले आपले पैसे कितीजणींना परत मिळाले, तो विषय पुन्हा कधीतरी.

एक राहिलं. हे सगळं ठरवून बैठक उठत होती, तेव्हा ती लेक आमची वही मिटत म्हणाली, "काकू, गटाची वही लिहिणं हे घरातलं काम आहे का?" आम्ही एकमेकींकडं बघितलं. आमच्याच बोलण्याप्रमाणं ते बाहेरचं काम होतं. ती चौदा पुरी झालीय, तेही बघून घेतलं. महिन्याला पन्नास रुपये ठरले. तिनं लगेच वही उघडली आणि खर्चाच्या बाजूला लिहिलं: वही लिहिणावळ, रुपये ५०. अध्यक्षा आणि सचिवांची सही घेतली. मग पेनाला टोपण लावत म्हणाली, "आणि मागच्या दीड वर्षाचं?"

तो विषय येत्या ५ तारखेच्या बैठकीत घेतलाय. राम राम.