उजेड आणि मन

आम्ही पाळीची माणसं. दिवस उगवला की मावळला, ते आम्हांला भोंग्यानं कळायचं. परंतु उजेड कमी झाला की काहींचं मनही आजारी पडतं, असे डॉ. नॉर्मन रोझेन्थल यांनी १९८४ साली अमेरिकेत मांडले. तिकडं हिवाळ्यात दिवस आखडतो. मग झोप आवरत नाही, गोडाची वखवख सुटते, कामात जीव लागत नाही. वसंतात माणूस पुन्हा उठतो. उपाय म्हणून डॉक्टर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यापुढे बसवितात. (आपण अशाला ऐतखाऊ म्हणतो, नाहीतर भगताकडे नेतो!) मुंबईत डिसेंबरातही दिवस जवळपास अकरा तासांचा. तरी पावसाळ्यात खोलीत कोंडलेलं माणूस दोन आठवडे खिन्न दिसलं, तर टोमणे नकोत. डॉक्टरकडे न्या. १४४१६ ह्या सरकारी फोनवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.