प्रोग्रामचे शेवटचे शब्द



कार्यक्रमपत्रिकेवर ‘प्रोग्राममधल्या चुका कशा शोधाव्यात’ असा ऐसपैस विषय छापला आहे. मला त्यातली एकच गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे. चूक शोधण्यासाठी प्रोग्रामकडून आपण जे छापून घेतो, ते त्याच्याजवळ राहू देऊ नका. ते दुसऱ्या प्रोसेसच्या हाती द्या.

एका प्रोसेसचा मजकूर दुसरीकडे नेणारा युनिक्सचा पाइप इथल्या बहुतेकांच्या रोजच्या वापरातला आहे. डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये कल्पना मांडली, केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये आणली. तो इतिहास उगाळत नाही. मात्र स्टँडर्ड एररच्या जन्माची हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

बेल लॅब्जमध्ये तेव्हा फोटोटाइपसेटर आला होता. मजकूर फोटोच्या कागदावर उमटायचा, मग तो लांबलचक कागद घाण वासाच्या यंत्रातून काढायचा. अक्षरे दिसायला काही मिनिटे जात. तिथले स्टीव्ह जॉन्सन सांगतात की, एका दुपारी कित्येकांनी असे कागद काढले आणि हाती आली सुबक टाइपात जुळवलेली एकच ओळ : अमुक फाइल उघडता येत नाही. (हशा) आपण हसतो आहोत, पण तिथे त्या दुपारी नुसती कुरकुर चालली होती, आणि ती योग्य माणसांच्या कानांवर गेली. कारण उघड होते. खरा मजकूर आणि चूक झाल्याची सूचना एकाच वाटेने निघत होती. एक-दोन दिवसांत सूचनांना स्वतंत्र वाट मिळाली, तीच स्टँडर्ड एरर. आजही ती क्रमांक २ची वाट आहे.

वाट वेगळी झाली, आता ऐकणाराही वेगळा हवा. साध्या छपाईत सी भाषेची लायब्ररी पडद्यावर ओळ संपली की ती पाठवते. पाइप किंवा फाइल असेल, तर मजकूर बफरमध्ये साठवत राहते. प्रोग्राम कोसळला की तो साठाही जातो. मग दिसणारी शेवटची ओळ खरी शेवटची नसतेच, आणि माणूस रात्रभर भलत्या जागी चूक शोधत बसतो! स्टँडर्ड एररला असा बफर नसतो. ओळ लगेच कर्नलकडे जाते. लिहिणारा मेला तरी पाइपातले शब्द वाचणाऱ्याला मिळतात. सगळा पडदा व्यापणाऱ्या एडिटरमध्ये तर याची गरज जास्तच, तिथे छापलेली प्रत्येक ओळ पडदा विस्कटते.

मागून प्रश्न आला, डिबगर असताना हे कशाला? डिबगर मीही वापरतो, त्याच्याशी माझे वैर नाही. पण तो प्रोग्रामला थांबवतो. दोन थ्रेडच्या शर्यतीतून निघालेली चूक थांबवल्यावर बऱ्याचदा दिसेनाशी होते. छापण्यानेही वेळ थोडा बदलतो, हे मान्य; तरी प्रोग्राम चालू राहतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून धोके भराभर सांगतो. लिनक्सवर पाइपात साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. वाचणारा रेंगाळला की पाइप भरतो आणि लिहिणारा अडकतो. वाचणारा मेला, तर पुढच्या लिखाणाच्या वेळी सिगपाइप हा सिग्नल येतो आणि तो न हाताळल्यास प्रोग्रामही मरतो. म्हणून वाचणाऱ्याला एवढेच काम द्या : वाचायचे, वेळ टिपायची, फाइलीत टाकायचे.

माझी कळकळीची विनंती आहे, उद्याच क्रमांक २ची वाट अशा प्रोसेसकडे वळवा, प्रोग्राम मध्येच मुद्दाम मारा आणि शेवटची ओळ पोहोचली का ते स्वतः पाहा.