ठोक्यांतील थरकांप

रोज दोन मिनिटें मागें पडणारें घड्याळ घरांत असलें म्हणून कोणाचा संसार अडत नाहीं. चूक ठरलेली असते. सकाळीं कांटे पुढें सारले कीं भागतें. परंतु ज्याचा एक ठोका किंचित् लवकर व दुसरा किंचित् उशिरां पडतो, त्याची दुरुस्ती अशी होत नाहीं. पुढला ठोका कोणत्या बाजूला चुकेल हेंच आधीं सांगतां येत नाहीं. इलेक्ट्रॉनिक यंत्रांना हा दुसरा दोष फार जाचतो. त्याला ‘जिटर’ म्हणतात. मराठींत थरकांप म्हणावयास हरकत नाहीं.

स्फटिकाच्या कंपनांवर चालणारें पहिलें घड्याळ हॉर्टन व मॅरिसन यांनीं १९२७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार केलें. आजच्या मनगटी घड्याळांतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळां निम्मी केली कीं सेकंदाला एक ठोका मिळतो. स्फटिक स्वभावानें स्थिर. बिघाड बहुधा शेजाऱ्यांमुळें होतो.

तो समजण्यास लग्नघरचें घटिकापात्र पुरेसें आहे. तळाच्या बारीक छिद्रांतून पाणी आंत शिरतें आणि चोवीस मिनिटांनीं पात्र बुडालें कीं घटका भरली. पण कोणी घंगाळाला धक्का दिला तर लाट कांठावरून आंत जाते व पात्र वेळेआधींच बुडतें. येथेंही तसेंच आहे. विजेचा दाब चढत चढत एक पातळी ओलांडतो, त्या क्षणीं ठोका पडला असें पुढील यंत्र मानतें. दाबावर खळखळ असेल तर तो क्षण मागेंपुढें सरकतो. चढण संथ असेल तर अधिकच सरकतो. ती उभी असेल तर तीच खळखळ फारसें बिघडवूं शकत नाहीं.

यांतील कांहीं खळखळ उष्णतेनें विद्युत्कणांची जी चळवळ होते तिची असते. जॉन्सन व नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं तिचा उलगडा केला. ती समूळ जात नाहीं. उरलेली वीजपुरवठ्यांतून येते, आणि तिच्यावर इलाज आहे. स्फटिकाच्या यंत्राला स्वतंत्र, स्थिर पुरवठा द्यावा. कंडेन्सर त्याला अगदीं खेटून बसवावा. तारा आंखूड ठेवाव्या.

एवढा खटाटोप कशासाठीं? गाण्याच्या कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला ४४,१०० मापें असतात व प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसतें. अतिशय उंच व मोठ्या स्वरांत ठोका सेकंदाच्या एक अब्जांशाच्या आठव्या हिश्श्यानें हलला, तरी माप अर्ध्या पायरीनें चुकूं शकतें. मुद्रण करतांनाच ठोके थरथरले तर तो दोष मापांत मुरतो. गवई पुन्हा तसा गाणार नाहीं, आणि मागाहून कितीही चांगलें घड्याळ आणलें तरी त्या मापांचें कांहीं होत नाहीं.

वाजवितांना मात्र ‘फेज-लॉक्ड लूप’ उपयोगी पडतें. जात्याची वरची तळी जड असली कीं हाताचा जोर कमीअधिक झाला तरी ती एकसारखी फिरते. हें मंडल तसेंच बारीक धक्के गिळतें. मात्र त्याचा स्वतःचा कंपक चंचल असला तर दुसऱ्याचे धक्के गिळून तें आपलेच देऊं लागतें. महागडें घड्याळ वेगळ्या पेटींत ठेवून लांब तारेनें जोडण्याची कांहीं हौशी मंडळींना आवड असते. ती बहुधा व्यर्थ ठरते. वाटेंत ती तार खळखळ गोळा करते. घड्याळ मापें घेणाऱ्या यंत्राशेजारींच बरें.