सुतारकीचे नवे दालन : संगणकावरील घरबांधणी
(मंडळाच्या कल्याण येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संगणकावर खेळावयाच्या खेळांत जी घरे, देवळे, वाडे आणि गल्ल्या दिसतात, त्या कोण उभारतो, कशा उभारतो आणि ते काम शिकणे आपल्या मुलामुलींस हितावह आहे काय, या विषयावर आम्ही दोन शब्द बोलावे अशी मंडळाची आज्ञा झाली आहे. हा विषय कशावरून निघाला हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहेच. डोंबिवलीच्या एका मुलीने हे काम शिकण्याकरिता संगणक घेण्यास शिक्षणनिधीतून साह्य मिळावे, असा अर्ज केला. समितीत मतभेद झाले. "खेळ शिकावयास निधीचे पैसे कशाला?" असे काही सभासदांनी विचारले आणि निर्णय पुढील बैठकीवर गेला. आपला निधी रंधा मारून मिळविलेल्या पैशांतून जमला आहे. तेव्हा ही शंका विचारण्याचा हक्क सर्वांस आहे. तिचे उत्तर मात्र काम पाहूनच दिले पाहिजे. म्हणून आम्ही काही रविवार त्या मुलीच्या शेजारी बसून ते काम आरंभापासून अखेरपर्यंत पाहिले.

प्रथम एक घोटाळा दूर करू. पैसे लावून खेळावयाचे खेळ निराळे. त्यांनी घरे बुडतात, आणि तसल्या खेळांस 2025 साली केंद्र सरकारने कायद्याने बंदी घातली, ते योग्यच झाले. दुसरे, तासन्‌तास खेळत बसणे निराळे. त्याचे समर्थन कोणी शिक्षक करणार नाही. आमचा विषय तिसरा आहे, तो म्हणजे खेळाची घडण. नाटक पाहणारा निराळा आणि नाटकाचा पडदा रंगविणारा निराळा, तसाच हा भेद समजावा.

पडद्याचा उल्लेख आला म्हणून कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे स्मरण होते. यांचे मूळ आडनाव मेस्त्री. बंधू आनंदरावांसह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. पुढे चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 साली निवर्तले; बाबूरावांनी ते काम तडीस नेले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. रंगविलेल्या सपाट पडद्याच्या जागी लाकूडकामाचे भरीव देखावे उभारण्याची चाल आपल्या चित्रपटांत रुजविण्याचे श्रेय त्यांस दिले जाते. त्या काळी चित्रपटाचा धंदा प्रतिष्ठितांच्या घरी हलकाच समजला जाई. पुढे काय झाले हे आपण जाणताच. संगणकावरील घर हे त्याच परंपरेतील पुढचे पाऊल होय, असे आमचे मत आहे.

आता प्रत्यक्ष काम. याकरिता ती मुलगी जो कार्यक्रम वापरते त्याचे नाव ब्लेंडर. तो हॉलंडमध्ये निर्माण झाला. त्याची कंपनी बुडाल्यावर, 2002 साली जगभरच्या लोकांनी एक लाख युरो वर्गणी जमवून तो सर्वांस खुला करून घेतला. आजही त्यास एक पैसाही पडत नाही. 2025 साली ऑस्कर पारितोषिक मिळविणारा 'फ्लो' हा लाटव्हियाचा चित्रपट याच साधनाने तयार झाला. थोडक्यात, हत्यार फुकट आहे. ते चालविण्यास बऱ्यापैकी संगणक आणि बसण्यास चिकाटी मात्र लागते.

आरंभ एका घनापासून होतो. पडद्यावर एक चौकोनी ठोकळा असतो. त्याचे कोपरे, कडा आणि पृष्ठे धरून तो ताणावयाचा, एखादे पृष्ठ बाहेर ओढून पडवी काढावयाची, एखादे आत लोटून कोनाडा करावयाचा. परंतु त्याआधी माप हवे. तेथील एक एकक म्हणजे एक मीटर धरण्याची रीत आहे. दरवाजाची उंची, उंबऱ्याची जाडी, पायरीची चढण ही चुकली की खेळातला माणूस राक्षस तरी दिसतो किंवा बाहुला तरी. चोवीस तसूंचा गज हाती घेऊन आपल्या वाडवडिलांनी जे केले, तेच हे. खांब, चौकट, खिडकी असे नग एकदाच नेमक्या मापात करून ठेवावयाचे आणि तेच पुन्हा पुन्हा बसवून चाळ उभी करावयाची, ही तेथील पद्धत. सगळे सांधे जमिनीवर जुळवून मग घर उभे करणाऱ्या मिस्त्रीस ती नवी वाटणार नाही.

यानंतर काटकसर. संगणक प्रत्येक पृष्ठाचे त्रिकोण पाडतो आणि सेकंदास तीस किंवा साठ वेळा ते सर्व चित्र नव्याने काढतो. त्रिकोण भाराभर झाले की खेळ अडखळतो. म्हणून जे दिसणार नाही ते ठेवावयाचे नाही. छपरावरील प्रत्येक कौल घडविण्याचे कारण नाही. कौलांचे चित्र लावून काम भागते. पण वळचणीच्या कडेला, जेथे कौलांची नागमोडी रेघ आकाशावर उठून दिसते, तेथे मात्र खरा आकार द्यावा लागतो. कोठे राबावे आणि कोठे हात आखडावा, हा विवेक प्रत्येक कारागिरीचा प्राण आहे.

मग येते ती पोत चढविण्याची पायरी. शाळेत आम्ही पुठ्ठ्याचा घन कडांनी कापून, उलगडून, त्याचे सहा चौरस फळ्यावर दाखवीत असू. येथेही तेच करतात. सबंध घर कडांनी उलगडून सपाट करावयाचे, त्यावर लाकडाचे, चुन्याचे, दगडाचे चित्र बसवावयाचे आणि पुन्हा मिटावयाचे. एक चित्र रंगाचे, दुसरे पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत हे सांगणारे, तिसरे उंचसखलपणाचा भास देणारे, अशी चित्रांची जोडणी असते. उलगडताना प्रमाण बिघडले तर चित्र ताणले जाते आणि विटा रबराच्या वाटू लागतात.

याच पायरीवर जे घडले ते सांगण्यासारखे आहे. त्या मुलीने पडवीचा खांब उभा केला होता. माप बिनचूक होते, चित्रही सागाचेच होते. तिचे आजोबा आयुष्यभर सुतारकी केलेले गृहस्थ. त्यांस संगणक सुरू करता येत नाही. त्यांनी चष्मा सावरला आणि म्हणाले, "पोरी, हा खांब मोडेल." ती चकित झाली. आजोबांनी दाखविले की लाकडाच्या रेषा खांबावर आडव्या गेल्या आहेत. उभ्या खांबाच्या रेषा उभ्याच असावयाच्या, नाहीतर तो भार पेलणार नाही. शिवाय तुळईच्या कापलेल्या तोंडाशी झाडाची वर्तुळे दिसली पाहिजेत, तेथे लांब रेषा कशा? मुलीने उलगडलेला खांब काटकोनात फिरविला, तुळईच्या तोंडास निराळे चित्र दिले, आणि ती पडवी एकदम खरी वाटू लागली. बंधुभगिनींनो, ही अक्कल कोणत्याही शिकवणीवर्गात विकत मिळत नाही. ती आपल्या घरोघर म्हाताऱ्या बोटांत पडून आहे, आणि तिला कोणी विचारीत नाही म्हणून ती आपल्याबरोबरच जावयाची.

आता प्रश्न असा की घर कोणाचे बांधावयाचे? शिकणाऱ्या मुलांस तयार चित्रे सहज मिळतात ती बहुधा परदेशी विटांची, परदेशी कौलांची. त्यामुळे डोंबिवलीचा मुलगा न पाहिलेल्या गावचे घर बांधतो; त्याच्या भिंतीस पावसाळ्यात जोत्यापासून चढणारी ओल नसते, दगडावर शेवाळ नसते, पाणी लवकर निथळावे म्हणून दिलेला छपराचा उतार नसतो. वास्तविक आपल्याकडे काय थोडे आहे? अंबरनाथचे शके 982 मधील, म्हणजे इसवी सन 1060 चे शिवालय हाकेच्या अंतरावर आहे. ठाण्याच्या जुन्या पेठेत आणि कल्याणच्या पारनाक्याच्या बाजूस सागवानी खांबांची घरे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरास कारखाना काढल्यावर जी मंगलोरी कौले किनाऱ्याने सर्वत्र पसरली, त्यांखाली आपल्यांपैकी कित्येकांचे बालपण गेले. पुण्याच्या एका मंडळीने 2020 साली 'राजी' नावाचा खेळ जगापुढे आणला. त्यात राजस्थानी धर्तीच्या वास्तू आणि पहाडी चित्रशैलीचे रंग आहेत, आणि परदेशांतही तो वाखाणला गेला. मग कोकणी पडवी आणि देशी वाडा यांनीच काय पाप केले आहे?

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जुनी घरे एकामागून एक उतरत आहेत आणि त्या जागी उंच इमारती येत आहेत. राहणाऱ्यांस पक्के, सुरक्षित घर मिळावे हे उचितच. त्यास आमचा विरोध नाही. परंतु घर उतरण्यापूर्वी त्याचे माप घेण्यास काय हरकत आहे? पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला 2019 साली आग लागली. 2014 च्या एका खेळात त्या चर्चची सुरेख प्रतिकृती होती, पण तीत खेळाच्या सोयीने फेरफार केलेले होते. जीर्णोद्धारास मोलाचे साह्य झाले ते अँड्रयू टॅलन या अभ्यासकाने आधी घेऊन ठेविलेल्या लेसरच्या काटेकोर मापांचे. सारांश, देखणेपण खेळास पुरते, पण स्मृती टिकविण्यास मापच हवे. आपल्या मुलांनी दोन्ही शिकावे.

इतके सांगून झाल्यावर पथ्यही सांगणे आमचे कर्तव्य आहे. केंद्र सरकारने 2022 साली या क्षेत्रासाठी कृतिदल नेमले, मुंबईत 2025 साली एक राष्ट्रीय संस्थाही सुरू झाली. यावरून नोकऱ्या दारी चालून येतील असे कोणी समजू नये. 2023 आणि 2024 या वर्षांत जगभरच्या खेळकंपन्यांनी हजारो माणसे कमी केली. शब्दांत सांगितले की चित्र काढून देणारी यंत्रेही आता आली आहेत. म्हणून शाळा-कॉलेज सोडून कोणी यामागे लागू नये. भरमसाट फी घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या वर्गांपासून पालकांनी सावध असावे. हमी लेखी मागावी, आणि तेथून शिकून गेलेल्यांचे काम डोळ्यांनी पाहावे. मात्र हेही ध्यानात ठेवावे की हे कौशल्य खेळापुरते बांधलेले नाही. वास्तुविशारदाच्या कचेरीत, चित्रपटात, फर्निचरच्या कारखान्यात ते उपयोगी पडते. मापाचा हात ज्यास बसला, तो सहसा उपाशी राहत नाही.

शेवटी मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, पैसे रोख देण्याऐवजी मंडळाने दोन संगणक स्वतःच्या मालकीचे घ्यावेत आणि ते विद्यार्थ्यांस वर्षावर्षाच्या कराराने वापरावयास द्यावेत. पूर्वी मिस्त्री शिकाऊ पोरास आपली पटाशी आणि करवत वापरू देत. पोरगा मिळवता झाला की स्वतःची घेई. तसेच हे. निधीही शाबूत राहील आणि पहिला मान त्या मुलीस मिळेल.

दुसरी सूचना अशी की, ज्यास संगणक मिळेल त्याने वर्षात एक जुने घर, मालकाच्या परवानगीने, घरातील अथवा ज्ञातीतील एखाद्या वडीलधाऱ्या कारागिरास बरोबर घेऊन मोजावे आणि संगणकावर उभारून पुढील संमेलनात दाखवावे. ओळंबा कोठे धरावा आणि गुण्या कोठे लावावा हे वडिलांनी सांगावे; पडद्यावर काय करावे हे मुलांनी.

तिसरी, साग, शिसव, ऐन इत्यादी लाकडांची, काळ्या दगडाची, चुन्याच्या भिंतीची, कौलांची छायाचित्रे जमवून मंडळाने ती सर्वांस विनामूल्य द्यावीत. छायाचित्र अगदी समोरून घ्यावे आणि ढगाळ उजेडात घ्यावे, म्हणजे सावल्या पडत नाहीत. त्यासाठी पावसाळ्यातील उघडिपीचे दिवस उत्तम.

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या पोराला आपण कधी रागे भरलो नाही. उलट बुरूज ढासळला तर चार दगड आणून दिले. या मुलीला चार दगड आणून देण्याचे काम आता समितीपुढे आहे. समिती योग्य तो निर्णय करील, असा आम्हांस विश्वास वाटतो.